बागेतल्या झाडांचा वाळवलेला संग्रह: खुडण्यापासून चिकटवण्यापर्यंत

पुस्तकात सहज ठेवलेलं फूल काही दिवसांत तपकिरी होतं आणि पाकळ्यांचे तुकडे पडायला लागतात. चार वर्षांनी ते कोणत्या झाडाचं होतं हेही आठवत नाही. तेच फूल नीट दाबून, वाळवून, नोंदीसह कागदावर लावलं तर ते माणसाच्या आयुष्याहून जास्त टिकतं. सोळाव्या शतकात इटलीत लूका गिनी यांनी झाडं दाबून कागदावर लावण्याची रीत शिकवली. त्याच शतकात उलिसे आल्द्रोव्हांदी यांनी अशा पद्धतीने केलेले वाळलेल्या वनस्पतींचे खंड बोलोन्यात आजही जपलेले आहेत. अशा संग्रहाला लॅटिनमध्ये ‘हॉर्टस सिकस’, म्हणजे वाळलेली बाग म्हणत. आपल्या बागेचाही असा संग्रह करता येतो.

यातलं बरंचसं यश पाणी किती लवकर बाहेर पडतं यावर असतं. झाड खुडल्यावरही पेशी काही काळ जिवंत राहतात, ओलाव्यात रंग बदलतो, बुरशी धरते. त्यामुळे सगळा खटाटोप ओल बाहेर काढायचा. आणि वाळताना झाडातून पाण्याबरोबर आणखीही काही जातं: ताजा रंग, वास, उंची, चीक, पानाची लव हाताला कशी लागते ते. हे परत मिळत नाही. म्हणून ते खुडतानाच लिहून ठेवायचं. बऱ्याच संग्रहांत नमुने सुंदर असतात आणि नोंदी नसतात. असा संग्रह फार तर शोभेला चालतो.

दाबपाटी आणि बाकीचं सामान

दाबपाटी, म्हणजे नमुना मध्ये ठेवून आवळायच्या दोन फळ्या, घरी सहज होते. साधारण १२ मिलीमीटर जाडीच्या प्लायवूडच्या दोन फळ्या घ्या, प्रत्येकी ४५ × ३० सेंटीमीटर. आवळायला बकल असलेले दोन पट्टे. आत घालायला त्याच मापाचे खोक्याचे नालीदार पुठ्ठे, टिपकागद आणि रद्दीतली वर्तमानपत्रं. रचना खालून वर अशी: फळी, पुठ्ठा, टिपकागद, वर्तमानपत्राच्या घडीत नमुना, टिपकागद, पुठ्ठा, मग पुढचा थर. शेवटी वरची फळी आणि पट्टे.

पुठ्ठ्याच्या नाळ्या आखूड बाजूला समांतर कापा आणि सगळे पुठ्ठे एकाच दिशेने ठेवा. नाळ्यांतून हवा आरपार जाते आणि ओल घेऊन बाहेर पडते. नाळी जितकी आखूड तितकं काम जलद. पुठ्ठे न घालता नुसते कागद आणि वरून वजन ठेवलं तरी नमुना वाळतो, पण रंग बराच जातो.

गुळगुळीत मासिकांचे कागद वापरू नका, ते पाणी शोषत नाहीत. नक्षीदार टिशूचा ठसा पाकळीवर कायमचा उमटतो. टिपकागद नसेल तर सात-आठ वर्तमानपत्रांची घडी टिपकागदाचं काम करते, फक्त ती जास्त वेळा बदलावी लागते.

याशिवाय धारदार कातर, बारीक टोकाचा चिमटा, मऊ ब्रश, शिसपेन्सिल, धाग्याच्या छोट्या चिठ्ठ्या आणि एक वही.

काय खुडायचं, कधी खुडायचं

दव उडून गेलेलं असावं आणि उन्हाने पानं माना टाकायच्या आत खुडून व्हावं. सकाळी नऊ-दहाच्या सुमाराला बहुतेक झाडं तशी असतात. पाऊस पडून गेल्यावर पानं कोरडी दिसली तरी देठाच्या बेचक्यात आणि कळ्यांच्या आत पाणी असतं, आणि नेमकं तिथेच काळं पडतं. एक दिवस थांबा.

नुसतं फूल तोडू नका. संग्रहासाठी फांदीचा असा तुकडा हवा ज्यावर पानं कशी लागतात ते दिसेल: समोरासमोर, एकाआड एक की झुपक्याने. त्यावर कळी, उमललेलं फूल आणि मिळालं तर फळ. लहान झुडूप असेल तर मुळासकट उपटा, माती पाण्याने धुवा आणि मुळं कोरडी करून घ्या. पानावर आणि फुलावर विश्वास ठेवून ओळखलेली दोन झाडं नंतर मुळावरून वेगळी निघतात, असं गवतवर्गात वारंवार होतं.

तुकडा ज्या कागदावर लावायचा त्या कागदापेक्षा चारही बाजूंनी दोन सेंटीमीटर कमी असावा. गवताची किंवा लिलीची लांब पात असेल तर कापू नका, ‘व्ही’ किंवा ‘एन’च्या आकारात मोडून बसवा. आणि शक्यतो दोन तुकडे घ्या. एक बिघडतोच, निदान सुरुवातीला.

दाबायला वेळ लागणार असेल तर नमुना प्लास्टिकच्या पिशवीत थोडी हवा भरून, तोंड बांधून, सावलीत ठेवा. एकच दिवस उमलणारी फुलं मात्र थांबत नाहीत. त्यांच्यासाठी दाबपाटी झाडापाशीच न्यावी.

कण्हेर आणि धोतरा यांना हात लावताना हातमोजे घाला. ही झाडं वाळली तरी विषारी राहतात आणि मुलांच्या हाताशी येणाऱ्या वहीत त्यांच्या पानावर तसं ठळक लिहा. गाजरगवताने अनेकांच्या कातडीवर पुरळ येतो. चीक असलेल्या झाडांचा चीक डोळ्यांपर्यंत जाऊ देऊ नका.

खुडल्याबरोबर चिठ्ठीवर क्रमांक घालून देठाला बांधा आणि वहीत त्याच क्रमांकाखाली लिहा. रंग लिहिताना ‘गुलाबी’ एवढ्यावर थांबू नका. ‘फिक्कट गुलाबी, मध्ये गर्द लाल ठिपका’ असं लिहा, कारण वाळलेल्या फुलात तो ठिपका राहील याची खात्री नाही.

दाबणं

नमुना घडीत ठेवताना वेळ द्या. इथे जे मांडलं तेच पुढे कागदावर दिसणार. एक तरी पान उलटं करून ठेवा, म्हणजे खालच्या बाजूच्या शिरा आणि लव दिसतील. नेच्याचं असेल तर बीजाणूंचे ठिपके असलेली बाजू वर यायलाच हवी, नेच्याची ओळख बरीचशी त्यावरच होते. पानांची फार गर्दी असेल तर काही पानं कापा, पण देठाचा थोडा भाग राहू द्या. पुढे पाहणाऱ्याला तिथे पान होतं हे कळलं पाहिजे.

जाड खोड, कांदा, गाजरासारखं मूळ उभं चिरून अर्धं घ्या, आतला गर थोडा कोरून काढा. सूर्यफूल, झेंडू, शेवंती यांच्यात एक अडचण नेहमी येते: मधला भाग जाड आणि भोवतीच्या पाकळ्या पातळ. वरचा दाब सगळा मधल्या भागावर येतो, पाकळ्या सैल राहतात आणि सुरकुततात. टिपकागदाची कडी कापा, मध्ये फुलाच्या बोंडाएवढं भोक ठेवा, आणि अशा तीन-चार कड्या एकावर एक रचून पाकळ्यांवर ठेवा. जाडी सारखी झाली की दाब सगळीकडे बसतो. याने शेवंतीचा नमुना जितका सुधारतो तितका दुसऱ्या कशाने सुधारत नाही.

जास्वंदीचं सविस्तर सांगणं भाग आहे, कारण ती हमखास बिघडते. पाकळ्यांत बुळबुळीत चिकट द्रव असतो. वर्तमानपत्रावर ठेवलेली पाकळी वाळता वाळता कागदाला अशी चिकटते की सोडवताना फाटते आणि छापलेली अक्षरं पाकळीवर येतात. त्यासाठी फुलाखाली आणि वर बटर पेपरचा तुकडा ठेवा. पाकळ्या एकमेकींवर येतात तिथे पातळ टिशूच्या बारीक पट्ट्या सरकवा. टिपकागद बदलताना हा बटर पेपर हलवू नका. नमुना त्याच्यासकट उचलायचा. दोन फुलं घ्या. एक बाजूने दिसेल असं दाबा, म्हणजे बाहेरच्या हिरव्या दलांचं वर्तुळ आणि मधून बाहेर आलेली दांडी नीट दिसते. दुसऱ्याच्या पाकळ्या सुट्या करा आणि मधली दांडी ब्लेडने उभी चिरून उघडा: पुंकेसरांची नळी झालेली असते आणि तिच्या आतून कुक्षीवृंत, म्हणजे स्त्रीकेसराचा देठ, वर येऊन टोकाला पाच गोलसर ठिपक्यांत संपतो. हे चिरलेलं फूल वहीतलं सगळ्यात बोलकं पान होतं.

पट्टे आवळताना एका फळीवर गुडघा ठेवून आवळा, इतका दाब हवा. पहिल्या १२ ते २४ तासांत एकदा उघडा. झाडाने पुष्कळ पाणी सोडलेलं असतं, घडी दमट लागते, आणि पानं लिबलिबीत झाल्यामुळे दुमडलेली कड, उलटलेली पाकळी याच वेळी चिमट्याने सरळ करता येते. दुसऱ्या दिवसानंतर ती मोडेल. मग पहिले चार-पाच दिवस रोज टिपकागद बदला, पुढे दिवसाआड. नमुना आहे त्या घडीतच राहू द्या; घडीवर पेन्सिलीने क्रमांक लिहिलेला असू द्या. झाड वाळून आकसतं तसे पट्टे सैल पडतात, म्हणून दर वेळी पुन्हा आवळायचे. पानं सुरकुतली असतील तर कारण बहुतेक वेळा हेच असतं: पहिल्या दिवशी घट्ट, तिसऱ्या दिवशी सैल.

पातळ पाकळ्यांची झाडं चार-पाच दिवसांत, साधारण झुडपं सात ते दहा दिवसांत, जाड खोडं दोन-तीन आठवड्यांत वाळतात. वाळलं का हे पाहायला पान ओठाला किंवा गालाला लावा, विषारी किंवा पुरळ आणणाऱ्या झाडाचं मात्र नको. गार लागलं तर आत पाणी आहे. देठाला धरून आडवं उचललं आणि ते न वाकता ताठ राहिलं तर झालं.

हवा दमट असेल तर दाबपाटी आखूड बाजूवर उभी करून पंख्यासमोर ठेवा, वारा नाळ्यांतून गेला पाहिजे. उष्णता द्यायची तर ४० ते ४५ अंश सेल्सिअसपर्यंत. त्याहून जास्त झाली की नमुना कुरकुरीत होतो आणि तपकिरी पडतो. बंद दाबपाटी उन्हात ठेवायला हरकत नाही, पण उघडा नमुना उन्हात ठेवला तर तो वाळताना उडतो, मुरडतो आणि रंगही जातो. मायक्रोवेव्हमध्ये दोन सिरॅमिक फरश्यांच्या मध्ये टिपकागदात ठेवून, २० ते ३० सेकंदांच्या हप्त्यांनी, मध्ये थंड होऊ देत वाळवता येतं. धातूची पिन, क्लिप, तार आत नको. पाकळीचा रंग त्याने छान राहतो, मात्र बिया रुजण्याच्या लायक उरत नाहीत, म्हणून बियांसाठी घेतलेला नमुना मायक्रोवेव्हमध्ये घालू नका.

रसदार झाडांचं वेगळं

कोरफड, पानफुटी, कलांचो अशी झाडं दाबपाटीत मरत नाहीत. पाणी आतच धरून ठेवतात आणि आठवडे जगतात. पानफुटीचं पान दाबून ठेवलं आणि आठ-दहा दिवसांनी घडी उघडली तर पानाच्या कडेच्या खाचांतून इवली रोपं, पांढऱ्या धाग्यासारख्या मुळांसह, कागदावर पसरलेली मिळतात. पाहायला अप्रतिम, पण पान काही वाळलेलं नसतं. अशा झाडांना आधी मारावं लागतं: फुलं वगळून देठ-पानं उकळत्या पाण्यात काही सेकंद ते मिनिटभर बुडवा आणि टिपून घ्या, किंवा रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा. जाड पान असेल तर उभं चिरून आतला गर काढा आणि साल दाबा. चीक वाहणाऱ्या झाडांचं कापलेलं टोक गरम पाण्यात बुडवून चीक थांबवा, नाहीतर सगळी घडी चिकटते.

रंगाचं काय होतं

रंग पूर्ण टिकेल असं कोणीही सांगू नये. पिवळा-नारिंगी रंग कॅरोटीन गटातल्या रंगद्रव्यांचा असेल तर बऱ्यापैकी राहतो. लाल, जांभळ्या आणि निळ्या फुलांत बहुधा अँथोसायनिन असतं. ते आम्लात लाल आणि आम्लता कमी झाली की निळसर दिसतं. पेशी वाळताना त्यांच्यातलं हे गणित बदलतं आणि लाल जास्वंद गडद जांभळी होते. बोगनवेलीचा रंग वेगळ्या गटातला, बेटालेन. तिची रंगीत ‘फुलं’ खरं तर कागदासारखी पातळ सहपत्रं, म्हणजे फुलालगतची रंगीत पानं असतात, खरं फूल मधली बारीक नळी. ही सहपत्रं जवळजवळ न वाळवताच वाळतात आणि रंग धरून ठेवतात. पहिला नमुना म्हणून बोगनवेल घ्या, हात बसतो आणि उत्साह राहतो.

मोगरा, जाई यांसारखी पांढरी फुलं सर्वात अवघड. चिरडलेल्या पेशींतले घटक हवेशी मिळून तपकिरी होतात, सफरचंद कापल्यावर होतं तसं. बोटाने पाकळी दाबू नका, चिमट्याने देठ धरा, आणि पहिल्या दिवशी टिपकागद दोनदा बदला. तरी थोडा हस्तिदंती रंग येणार. तो चालतो, नोंदीत ‘ताजं असताना शुभ्र’ लिहिलेलं असलं म्हणजे झालं.

किडीचा बंदोबस्त

वाळलेला नमुना लगेच वहीत लावू नका. पानांत अंडी असतात, आणि तंबाखू व मसाल्यांत सापडणारे बारीक भुंगेरे वाळलेल्या झाडांवरही जगतात. फुलं त्यांना विशेष आवडतात. नमुने घडीसकट प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करा आणि घरच्या फ्रीझरमध्ये, उणे १८ अंशाला, दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी एक दिवस उघडू नका. लगेच उघडली तर थंड नमुन्यावर दव जमतं आणि सगळी मेहनत ओली होते.

पूर्वी नमुन्यांना पाऱ्याचं क्लोराइड लावत. ते जहाल विष आहे. जुना संग्रह हाताळायला मिळाला तर हातमोजे घाला, आणि स्वतःच्या वहीत असली कोणतीही विषारी भुकटी टाकू नका.

कागदावर लावणं

कागद आम्लमुक्त, पांढरा, २०० ते ३०० जीएसएम (दर चौरस मीटरला ग्रॅम) जाडीचा. साधा कागद काही वर्षांत पिवळा पडतो आणि नमुनाही पिवळा करतो. शास्त्रीय संग्रहांत कागदाचं माप साधारण ४२ × २९ सेंटीमीटर असतं, म्हणजे जवळपास ए३. बागेतल्या लहान झाडांना ए४ पुरतो, पण संपूर्ण वही एकाच मापाची ठेवा.

आधी न चिकटवता मांडून बघा. जड भाग खाली, खालचा उजवा कोपरा नोंदपत्रासाठी मोकळा.

चिकटवायचं ते पट्ट्यांनी. त्याच आम्लमुक्त कागदाच्या ३ ते ५ मिलीमीटर रुंद पट्ट्या कापा, देठावरून आडव्या न्या आणि पट्टीची दोन्ही टोकं कागदाला चिकटवा. डिंक झाडाला लागत नाही. पूर्ण पान डिंकाने चिकटवण्याचा मोह होतो, कारण ते सपाट दिसतं. पण दमट आणि कोरड्या दिवसांत कागद एक प्रमाणात फुगतो-आकसतो आणि पान वेगळ्या प्रमाणात. घट्ट चिकटलेलं पान काही वर्षांत तडकतं. पट्ट्यांत ते मोकळं श्वास घेतं, आणि पुढे कोणाला भिंगाखाली पाहायचं असेल तर पट्टी कापून उचलताही येतं. सुट्या पाकळ्यांना मात्र मिथाइल सेल्युलोज या चिकट पदार्थाचा पातळ थर लावावा लागतो. जाड फांदी दोऱ्याने शिवा: देठाच्या दोन्ही बाजूंना भोक, मागे गाठ, गाठीवर कागदाची पट्टी, म्हणजे मागच्या पानावरचा नमुना घासला जात नाही.

सेलोटेप कधीही नको. ती पिवळी पडते, गोंद पानात झिरपतो आणि टेप गळून पडली तरी डाग राहतो. गव्हाच्या पिठाची खळ चालते, पण कसर तिच्यासाठी पानं कुरतडते. जिल्दसाजांची मोरचूद घातलेली खळ कसर लांब ठेवते, तरी मोरचूद विषारी आहे आणि कागदालाही मानवत नाही, ती टाळावी.

सुट्या बिया, गळलेल्या पाकळ्या यांसाठी कागदाची छोटी पाकिटं घडी घालून पानावर लावा. गळलेलं काही टाकून देऊ नका.

नोंदपत्र

साधारण १० × ७ सेंटीमीटरचं, खालच्या उजव्या कोपऱ्यात. लिहायला शिसपेन्सिल किंवा न पसरणारी पिगमेंट शाई. बॉलपेनची शाई कालांतराने फिकी होते. एक नमुना पाहा:

क्रमांक २७
सदाफुली. कॅथरॅन्थस रोझियस. कुल: अपोसायनेसी
जागा: मागचा वाफा, पूर्वेची भिंत, दुपारी दोननंतर सावली
तारीख: १४ ऑगस्ट
झुडूप, उंची ५५ सेंटीमीटर. पानं समोरासमोर, चकचकीत, मधली शीर फिकी. मोडल्यावर पांढरट चीक
फूल पाच पाकळ्यांचं, फिक्कट गुलाबी, मध्ये गर्द गुलाबी डोळा; फळं शेंगेसारखी, जोडीने
खुडणाऱ्याचं नाव

तारखेत वर्षही घाला. नावाची खात्री नसेल तर ‘बहुधा’ असं लिहा आणि पेन्सिलीनेच लिहा. चुकीचं नाव खोडण्याऐवजी शेजारी नवीन नाव आणि तारीख घाला. पहिली ओळख कशावरून केली होती हेही कधी उपयोगी पडतं.

वही बांधणं आणि सांभाळणं

साधी शिवलेली वही घेतली तर वीस नमुन्यांनंतर ती पंख्यासारखी उघडी राहते. नमुन्यांना जाडी असते, कण्याला नसते. म्हणून स्क्रूवर पानं बसवायची वही घ्या, किंवा कण्यापाशी प्रत्येक दोन पानांमध्ये जाड कागदाची दोन सेंटीमीटर रुंद पट्टी घाला. सुटी पानं खोक्यात ठेवली तर ही अडचणच येत नाही, शिवाय क्रम हवा तसा बदलता येतो. वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल लिनियसने आपला संग्रह असाच सुट्या कागदांवर ठेवला होता. प्रत्येक नमुन्यावर पातळ आम्लमुक्त टिशू किंवा बटर पेपर. पीव्हीसीच्या थैल्या नकोत, त्यातली रसायनं आणि अडकलेली ओल दोन्ही नमुना खातात.

ठेवायची जागा अंधारी आणि कोरडी. भिंतीला टेकवून नको, आडवी ठेवा. उभ्या वहीत नमुने खाली सरकतात. दर तीन महिन्यांनी पानं उलटून पाहा. पानाच्या तळाशी बारीक पिठासारखी भुकटी किंवा टाचणीच्या डोक्याएवढी गोल भोकं दिसली तर भुंगेरा आहे. त्याच दिवशी सगळी वही पिशवीत बंद करून पुन्हा फ्रीझरमध्ये. बुरशीचा पांढरा धागा दिसला तर पान वेगळं काढून आधी वाळवा, मग मोकळ्या हवेत मऊ ब्रशने झाडा, नाकातोंडावर मास्क लावून.

आणि लावताना प्रत्येक पानावर थोडी जागा मोकळी सोडा. आज सदाफुलीला फूल आहे, शेंगा अजून हिरव्या आहेत. त्या पिकून फुटायच्या बेतात आल्या की त्याच झाडाच्या दोन शेंगा आणि काळ्या बिया पाकिटात घालून, नवीन तारखेसह, क्रमांक २७च्या शेजारी लावा.